कंपनी फिटिंग

आमच्या निरवांगीत वस्तू कोणतीही असो, मोल करायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कंपनीचं हाय का?" विहिरीवरची मोटार, कडबाकुट्टी, मोटारसायकलची चेन, फार काय, एका सोयरिकीच्या बैठकीत नवऱ्या मुलाच्या समोरच्या दोन दातांबद्दलही हा प्रश्न मी ऐकलेला आहे. उत्तरही ठरलेलं: "कंपनीचंच हाय की!" त्यातला 'च' जितका जोरात, तितक्या जास्त वेळा ती वस्तू उघडलेली असते. एवढा साधा हिशेब मला छत्तीस वर्षं मास्तरकी करून कळला नाही. तो दादांची जीप विकायला काढली तेव्हा कळला.

दादा म्हणजे माझे वडील. ही जीप त्यांनी १९७४ साली नीरा ओलांडून पलीकडच्या माळशिरस तालुक्यातल्या एका बागायतदाराकडून घेतली. पेट्रोलवर चालणारी, उंच बॉनेटची. अरबांनी तेलाचा नळ आवळला तो १९७३ च्या ऑक्टोबरात. त्यानंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि शहाणी माणसं पेट्रोलच्या गाड्या विकायला लागली. नेमकी तीच वेळ साधून दादांनी पेट्रोलची गाडी घेतली. हे त्यांच्या एकूण व्यवहाराला धरूनच होतं. कांद्याचा भाव पडायच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांचा कांदा घरातच असायचा. जीप दोन वर्षं ऐटीत फिरली, तिसऱ्या वर्षी गोठ्याशेजारी उभी राहिली आणि मग कधीतरी तिच्यात डिझेल इंजिन बसलं. कधी, कुठलं आणि कुणी बसवलं, याबद्दल गावात जेवढे उंबरे तेवढी मतं.

दादा गेले, जीप राहिली. तिच्या टपावर भोपळ्याचा वेल चढला. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं पुण्याचे एक गृहस्थ पाठवले. यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद. आम्ही जे भंगारात घालतो ते हे लोक बैठकीच्या खोलीत ठेवतात, असं तो विद्यार्थी म्हणाला होता. पाहुणे सकाळी नऊला आले. सव्वानऊला निम्मं गाव आलं. उरलेलं निम्मं पाणी धरून साडेदहापर्यंत पोचलं.

पाहुण्यांच्या पिशवीतून एकेक हत्यार बाहेर यायला लागलं. टॉर्च, तारेचा ब्रश, रॉकेलची बाटली, मऊ पेन्सिल, पातळ कागद आणि दाताच्या डॉक्टरकडं असतो तसला कांडीवरचा आरसा. आरसा बघून बापूनं हळूच तोंड मिटलं. पाहुण्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकावले आणि विचारलं, "गुरुजी, इंजिन मॅचिंग आहे का?"

मॅचिंग म्हटल्यावर आमच्याकडं बायका ब्लाऊजपीस घेऊन बारामतीला जातात. इंजिनाचं मॅचिंग कुठल्या दुकानात मिळतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग पाहुण्यांनी समजावून सांगितलं. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीच्या पोटात जे इंजिन होतं, तेच आज आहे का? त्याच्यावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का?

"म्हंजी पयलीच बायकू हाय का, आसं इचारत्यात," तात्यांनी गावासाठी भाषांतर केलं.

आता साक्षी सुरू झाल्या. तात्या आमचे चुलते, वय चौऱ्याऐंशी. ते म्हणाले, "हे ट्रॅक्टरचं इंजान हाय. इंटरन्याशनलचं. म्या सोता हात लावलाय त्येला." बापूनं वीस वर्षं वडाप चालवलेलं. एका जीपमध्ये बावीस माणसं, दोन शेळ्या आणि एक वाजंत्री बसवून वालचंदनगर गाठलेला माणूस. त्याला हे पटलं नाही. "तात्या, मॅटॅडोरचं हाय ते. आवाज आठवा की," असं म्हणून त्यानं तोंडानं मॅटॅडोर सुरू केली. पहिल्या झटक्यात लागली नाही, दुसऱ्यात लागली. गिअर बदलून दाखवला. निमसाखरचे मिस्त्री खास या कामासाठी बोलावले होते, त्यांनी बापूची गाडी बंद होईपर्यंत शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाले, "प्युजो." एवढंच. मिस्त्री लोक फी घेतल्याशिवाय दुसरा शब्द बोलत नाहीत. तेवढ्यात मागून एक पोरगं ओरडलं, "कंपनी फिटिंगच हाय!" हे पोरगं जन्मलं तेव्हा जीपवर वेल चढून दहा वर्षं झाली होती. परंतु सगळ्यात ठाम आवाज त्याचाच होता.

पाहुणे मात्र हरखले होते. आमच्या भांडणात त्यांना स्वतःचं माहेर भेटलं असावं. चहा आला तसे ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "हेच भांडण अमेरिकेत चालतं, आणि कोट्यवधी रुपयांवर चालतं."

तिथं मसल कार नावाचा प्रकार आहे. मसल म्हणजे दंडाची बेटकुळी. साध्या, घरगुती, पोराबाळांना शाळेत सोडायच्या मोटारीत राक्षसी इंजिन बसवायचं, असा हा साठीच्या दशकातला उद्योग. त्यातलं क्रायस्लरचं 'हेमी' नावाचं इंजिन ४२६ घन इंचांचं, म्हणजे जवळजवळ सात लिटरचं. आपली फियाट १०८९ सीसीची. एका हेमीत सहा फियाट मावतात आणि वर तीन बजाज स्कूटर उरतात. आता गंमत अशी की हीच मोटार लहान इंजिनातही मिळायची आणि वरून दोन्ही सारख्याच दिसायच्या. १९७१ सालची, उघड्या टपाची, हेमी इंजिनाची प्लिमथ कुडा कंपनीनं जेमतेम ११ बनवली. त्यातली एक २०१४ मध्ये लिलावात ३५ लाखांना गेली.

"३५ लाख?" तात्यांचा चहा बशीतच राहिला.

"डॉलर," पाहुणे म्हणाले.

तात्यांनी बशी खाली ठेवली आणि भोपळ्याचा वेल जरा बाजूला सारला.

एवढे पैसे म्हटल्यावर लबाडी आलीच. लहान इंजिन काढायचं, मोठं घालायचं आणि 'कंपनीचंच हाय की' म्हणायचं. म्हणून तिथं इंजिनाची कुळी शोधणारे लोक झाले. क्रायस्लरच्या १९७० सालच्या गाडीच्या नंबरात पाचव्या जागी 'आर' हे अक्षर असेल तर ती हेमी घेऊनच जन्मली. फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदी एका गृहस्थानं कंपनीकडून मिळवून ठेवल्या आहेत. पैसे भरले की तो तुमच्या मोटारीची जन्मपत्रिका काढून देतो. पाँटियाकच्या जुन्या नोंदींचीही अशीच नक्कल मिळते. शेवरोलेचा मात्र आनंद आहे. १९७१ पर्यंत तिच्या नंबरावरून इंजिन सहा सिलिंडरचं की आठचं एवढंच कळतं. सातबाऱ्यावर 'जिरायत की बागायत' लिहावं आणि क्षेत्राचा रकाना कोरा सोडावा, तसं. त्यामुळं खोट्या शेवरोले सगळ्यात जास्त, आणि त्यांचे मालक सगळ्यात जास्त शपथा घेणारे.

"पण कंपनी तरी खरं सांगत्ये का?" हा प्रश्न मिस्त्रींचा. फी न घेता विचारलेला.

पाहुण्यांनी मांडी ठोकली. इथून पुढं त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला डेट्रॉइट हे इंदापूर तालुक्यातलंच एखादं गाव असावं अशी शंका यायला लागली.

पाँटियाकला १९६४ साली एका मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घन इंचांचं इंजिन घालायचं होतं. पण वरच्या कंपनीचा, जनरल मोटर्सचा, दंडक होता: मध्यम गाडीत ३३० च्या वर जायचं नाही. तेव्हा तिथले इंजिनिअर डिलोरियन आणि मंडळींनी शक्कल काढली. नवीन मॉडेल काढतोय असं म्हणायचंच नाही. जुन्याच गाडीला हौशी गिऱ्हाइकासाठी एक 'ऑप्शन' ठेवलाय, असं कागदावर दाखवायचं. ऑप्शनला वरची परवानगी लागत नव्हती. ती जीटीओ. मसल कारच्या या शर्यतीची सुरुवात तिच्यापासून मानतात. आमच्या आळीत तीन मजली घर उभं आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरी ती 'जुन्या पडवीची दुरुस्ती' आहे. घरमालक डिलोरियनचं नाव ऐकून नाहीत, पण भेटले असते तर जमलं असतं.

पुढं या जीटीओची एका मोठ्या मोटार मासिकानं परीक्षा घेतली आणि तिचा वेग बघून लेखक थक्क झाले. बऱ्याच वर्षांनी कंपनीसाठी जाहिरातीचं काम करणाऱ्या जिम वँगर्स यांनी कबूल केलं की परीक्षेला दिलेल्या गाडीत ३८९ चं नव्हे, ४२१ चं इंजिन होतं. वरून ओळखू येत नाही ना! मला याचं नवल वाटलं नाही. साहेब तपासणीला येणार म्हटल्यावर शेजारच्या शाळेतली चार हुशार पोरं आणून पहिल्या बाकावर बसवणं हे शास्त्र मी जवळून पाहिलेलं आहे. फरक एवढाच की वँगर्सनी कबुली दिली.

उलटाही प्रकार आहे. १९७० च्या कॉर्व्हेटच्या माहितीपत्रकांत ४५४ घन इंचांचं 'एलएस ७' नावाचं इंजिन छापलेलं होतं. आकडा, ताकद, सगळं. ते घातलेली एकही कॉर्व्हेट गिऱ्हाइकाला विकली गेली नाही. पण छापील कागद आहे म्हटल्यावर 'माझ्या मामानं पाहिली होती' म्हणणारे निघालेच. हायवेवरच्या हॉटेलात कार्डावर 'व्हेज कोल्हापुरी, व्हेज मराठा, व्हेज तूफानी' असं काय काय असतं, मागवलं की पोरगं सांगतं, "आज फक्त शेवभाजी." त्या कार्डाला पुरावा मानायचं तर निरवांगीत दररोज चाळीस भाज्या होतात. आणि याच्याही उलट म्हणजे १९६९ ची झेडएल १ कॅमारो. ही कुठल्या कार्डावर नव्हती, कार्यालयीन मागणीच्या आडवाटेनं काढली. पूर्ण ॲल्युमिनियमचं इंजिन, गाडीच्या मूळ किमतीहून इंजिनच महाग. एका डीलरनं हौसेनं ५० मागवल्या. किंमत ऐकून गिऱ्हाइकं उंबऱ्यावरूनच परत गेली आणि बऱ्याच गाड्या कंपनीला माघारी घेऊन दुसरीकडं वाटाव्या लागल्या. एकूण निघाल्या ६९. म्हणजे जे छापलं ते बनलं नाही, आणि जे बनलं ते छापलं नव्हतं.

पण गावाला सगळ्यात पटली ती हॉर्सपॉवरची गोष्ट. तिकडं विम्याचे लोक हॉर्सपॉवर बघून हप्ता वाढवायला लागले. दुसरीकडं कंपनीच्या वरिष्ठांचीही कुरकूर. मग कारखान्यांनी कागदावर ताकद कमी लिहायला सुरुवात केली. हेमीची नोंद ४२५, झेडएल १ ची ४३०. आतून मात्र त्याहून बरीच जास्त.

यावर ओट्यावर एक विचित्र शांतता पसरली. आमच्याकडं शेतीपंपाचं बिल एचपीवर यायचं. त्यामुळं या शिवारातल्या विहिरींवर पाटी पाचची आणि पाणी साडेसातचं, हा चमत्कार कित्येक वर्षं चालत आलेला आहे. पाण्याची धार बघून कुणी विचारलंच तर "नीरेच्या पाण्याला जोर हाय" असं सांगतात. मी नावं घेत नाही. माझी विहीर पूर्वेला आहे. बापू पाहुण्यांना आदरानं म्हणाला, "म्हंजी तिकडं बी शेतकरीच हायती."

आता आमच्या तालुक्याची बाजू मांडणं मला भाग होतं. मी म्हटलं, "साहेब, प्लिमथ आणि डॉजचं काय कौतुक सांगता? त्या आमच्या घरच्या आहेत." पाहुणे चमकले. इथून जवळच वालचंदनगर. पूर्वीचं कळंब. तिथं साखर कारखाना काढणाऱ्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, क्रायस्लरशी करार केला आणि मुंबईला कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवायला लागले. हेमी ज्या घराण्यातली, त्या घराण्याशी आमची सोयरिक तिच्या जन्माआधीची आहे. त्यातही कुर्ल्याची खुबी अशी की डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डिसोटो डिप्लोमॅट या तीन नावांच्या गाड्या मुळात एकच. पुढची जाळी आणि बिल्ला बदलला की गाडी बदलली. ट्रकचंही तेच: डॉज, फार्गो, डिसोटो. एकाच घरातले तीन भाऊ तीन पक्षांत असतात, म्हणजे कुणाचंही सरकार आलं तरी ट्रॅक्टर दारात राहतो; ही दूरदृष्टी शेठजींच्या कंपनीला तेव्हाच होती.

पाहुणे म्हणाले, "गुरुजी, मग आपल्याकडं 'कंपनीचं इंजिन' शोधण्यात तसा अर्थच नाही." आणि त्यांनी देशी मोटारींची कुंडली मांडली. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा, १९८४ ची. अंग विलायतच्या व्हॉक्सहॉलचं, रुंद, देखणं, बघताक्षणी अमेरिकन पैलवान वाटावी असं. आत इंजिन अॅम्बॅसडरचं, १४८९ सीसी, ताकद ५० हॉर्सपॉवर. दंड पैलवानाचे आणि फुप्फुसं मास्तरांची. पुढं इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन घातलं तेव्हा कुठं तिला घाट चढताना लाज वाटेनाशी झाली. आमच्या वालचंदशेठच्याच कंपनीची प्रीमियर ११८ एनई: कपडे इटलीच्या फियाटचे, काळीज जपानच्या निस्सानचं. आणि मद्रासची स्टँडर्ड २०००. १९८५ साली आली. शरीर रोव्हरचं, विलायतेत त्याच शरीरात साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन मिळायचं. मद्रासकरांनी त्यात स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या खानदानातलं, चाळिशीच्या दशकातल्या नकाशाचं दोन लिटरचं इंजिन ठेवलं. आणि ही ठेवाठेवी कंपनीनंच केलेली, म्हणजे शंभर टक्के कंपनी फिटिंग! एखाद्या मिस्त्रीनं हेच केलं असतं तर आपण त्याला गावातून हाकललं असतं.

"आणि जीप?" तात्यांनी विचारलं. त्यांचा सगळा जीव तिथं अडकला होता.

जीपचं उत्तर ऐकायला गाव पुढं सरकलं. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. दादांची जीप सीजे-३बी. तिच्यात हरिकेन नावाचं २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन यायचं. या इंजिनात हवा घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळं ते जुन्या लष्करी जीपच्या इंजिनाहून उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेट उंच करावं लागलं. म्हणून बॉनेट उंच दिसलं की आत हरिकेन, असा सरळ हिशेब. पुढं महिंद्रांनी डिझेल जीप काढली ती त्यांच्याच बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनावरून. मग ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्युजोच्या परवान्यावर इगतपुरीला २११२ सीसीचं डिझेल इंजिन व्हायला लागलं. बॉनेट मात्र पुढं कितीतरी वर्षं तसंच उंच. टोपी फेट्यासाठी शिवलेली, खाली टक्कल.

"म्हंजी कंपनीनंच जिपड्यात ट्रॅक्टरचं इंजान घातलं?" तात्या उठून उभे राहिले. चाळीस वर्षं त्यांच्या 'ट्रॅक्टरचं इंजान'वर गाव हसत आलं होतं, कारण गावाच्या मते ते बनावटपणाचं लक्षण. आता तेच सगळ्यात कंपनीचं निघालं. तात्यांनी बापूकडं बघून नुसता एक गिअर टाकला.

पाहुणे आरसा घेऊन पुन्हा बॉनेटात शिरले. अर्धा तास घासणं चाललं होतं. बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट काळा आणि चेहरा गंभीर. निकाल असा: ब्लॉक ट्रॅक्टरच्या इंजिनाचा, तात्या बरोबर. डिझेल पंप मॅटॅडोरचा, बापू बरोबर. स्टार्टर प्युजोच्या जीपचा, मिस्त्री बरोबर. रेडिएटर कशाचा ते सांगता येत नाही, पण त्याला खालून जे पत्र्याचं ठिगळ आहे त्यावर तेलाच्या डब्याचं सूर्यफूल अजून दिसतं.

"हे इंजिन नाही," पाहुणे म्हणाले, "हे साखर कारखान्याचं सर्वपक्षीय पॅनल आहे."

सगळ्यांची साक्ष खरी ठरल्यामुळं गावात समाधान पसरलं, व्यवहार तेवढा राहिला. पाहुण्यांनी आरसी बुक मागितलं. ते आईच्या ट्रंकेत, पातळाच्या घडीत. बुकावर सगळं वाचता येत होतं. इंजिन नंबराच्या रकान्यात मात्र शेवटच्या दोन आकड्यांवर नेमका तेलाचा डाग. तिथं करंजी ठेवली होती की पुरी, यावर थोडी चर्चा झाली.

मग पाहुण्यांना काय आठवलं कोण जाणे. ते म्हणाले, अमेरिकेत गाडी जुळवताना तिच्याबरोबर एक कागद फिरायचा, कुठलं इंजिन, कुठला गिअरबॉक्स, सगळं लिहिलेलं. कामगार तो कागद मागच्या सीटच्या स्प्रिंगात खोचून मोकळे व्हायचे. पन्नास वर्षांनी लोक तो सीट फाडून शोधतात आणि सापडला तर रडतात. "तुमची सीट उघडू का?"

सीट उघडली. काथ्यातून निघालेला ऐवज पुढीलप्रमाणे: चार आण्याचं एक नाणं, उसाची वजनपावती, एका पायातली लहान मुलाची चप्पल (ही माझी, तिच्यासाठी मी खाल्लेला मार मला स्पष्ट आठवतो), अर्धी विडी, १९८१ सालची एक लग्नपत्रिका, मूठभर बाजरी, आणि त्या बाजरीवर जगलेल्या उंदराच्या घराण्याचे अवशेष. पत्रिकेच्या पाठीवर दादांचं अक्षर होतं. पाहुण्यांचे हात थरथरायला लागले. मी वाचून दाखवलं:

"इंजिन, चांगले: ४२००. मजुरी: ३५०. चहापाणी: ६०. मिस्त्रीस टोपी: १२. जुने इंजिन घरी आणले, बैलगाडी भाडे: २०."

इंजिन कुठलं ते नाही. 'चांगले.' दादांच्या लेखी इंजिनाच्या दोनच जाती होत्या. पण पाहुण्यांचं बोट शेवटच्या ओळीवर खिळलं होतं. "जुनं इंजिन घरी आणलं? मग ते कुठाय?"

गावानं एकमेकांकडं बघितलं. भंगारवाल्याला गेलं असणार, असं तात्या म्हणाले. नीरेच्या पुरात गेलं, असं बापू म्हणाला. त्याच्याकडं हरवलेल्या प्रत्येक गोष्टीला पूर असतो. आई इतका वेळ उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मग म्हशीच्या खुट्याला काय गाडलंय?"

गोठ्यात, निम्मा मातीत आणि निम्मा शेणात, तो उभा होता. ओतीव लोखंडाचा ब्लॉक. एका कानात साखळी, साखळीला म्हैस. चार सिलिंडरांच्या भोकांत पावसाचं पाणी साचलेलं, त्यात कोंबड्या चोची बुडवत होत्या. मी या खुंट्याशेजारी लहानाचा मोठा झालो, त्यावर उभं राहून पाढे म्हटले, पण तो काय आहे असा प्रश्न मला कधी पडला नाही. पाहुणे जवळ गेले, वाकले, वॉल्व्हची भोकं मोजली. चारच. म्हणजे बाकीचे चार वर हेडमध्ये. "हरिकेन!" असं पुटपुटून त्यांनी शेणात गुडघे टेकले. पाहुणे नमस्कार करतायत असं वाटून आईनं पदर डोक्यावर घेतला. दोघातिघांनी चपला काढल्या.

नंबर असतो तो ब्लॉकच्या तोंडाशी, पाण्याचा पंप बसतो तिथल्या उंचवट्यावर. तो भाग म्हशीच्या बाजूला. म्हशीला तारेचा ब्रश आवडला नाही. तिला धरायला दोन, समजूत घालायला एक आणि टॉर्च धरायला एक अशी माणसं लागली. रॉकेलनं पुसून, कागद ठेवून, पेन्सिल घासली तसे आकडे एकेक करून उमटले. पुस्तकातल्या आकड्यांशी जुळत गेले, जुळत गेले, आणि शेवटच्या दोनांपैकी एक तीन की आठ, यावर येऊन अडकले. पुस्तकात तिथं करंजी. ब्लॉकवर तिथं म्हशीनं वर्षानुवर्षं घासलेलं शिंग.

तात्यांच्या मते आठ. बापूच्या मते तीन. मागचं पोरगं म्हणालं, "कंपनीचाच नंबर हाय!"

पाहुण्यांनी आकडा सांगितला. जीपचा नाही, ब्लॉकचा. तो जीपच्या आकड्याहून मोठा होता. गोठ्यात एवढी शांतता झाली की रवंथ ऐकू यायला लागलं. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात आई म्हणाली, "खुटा न्या. पर ह्या म्हशीला दुसरा खुटा देऊन मग न्या. हिला दगडी चालत न्हाय, लाकडी ती उपटती."

पाहुणे वचन देऊन गेले. परवा त्यांचा फोन आला. पुण्याच्या जुन्या बाजारात ट्रकचा एक ब्लॉक मिळालाय, सहा सिलिंडरचा, याच्यापेक्षा वजनदार, म्हैस आयुष्यात हलवणार नाही. पाठवू का? मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं. तिनं म्हशीकडं एकदा बघितलं, खुंट्याकडं एकदा बघितलं.

"कंपनीचा हाय का, इचार."